बापूतात्यांची जागा

किटली फडक्यात गुंडाळून मांडीवर धरायची आणि पळसदेव येईपर्यंत कुणाच्या अंगावर सांडू द्यायची नाही, एवढंच काम त्या सकाळी रामहरीकडे होतं. इंदापूरच्या जुन्या पेठेत त्याचं हॉटेल होतं आणि बापूतात्या हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तात्या गेले. आज त्यांचा दहावा. थोरला मुलगा आदल्या संध्याकाळी हॉटेलात येऊन सांगून गेला होता, "रामहरीराव, तुमच्या हातचा च्या घेऊन या. पिंडाजवळ ठेवू. त्याबिगर म्हातारा हलायचा न्हाय." म्हणून बाजाराचा दिवस असूनही जुन्या वेटरवर, संभाजीवर, हॉटेल सोपवून रामहरी वडापच्या जीपमध्ये कोंबून बसला होता.

तात्यांचं मूळ गाव जुनं पळसदेव. उजनीचं पाणी चढलं आणि घर, पार, वावर सगळं त्याच्या पोटात गेलं. मुलांनी इंदापुरात दोन खोल्या केल्या, पण त्यात सुना-नातवंडंच मावेनात. मग तात्या सकाळी आंघोळ उरकून निघत ते सरळ हॉटेलात येऊन बसत. रस्त्याकडच्या कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. तिथून सगळी पेठ दिसायची. बांगड्या भरायला ओट्यावर बसलेल्या बाया, तहसील कचेरीकडं कागद सांभाळत निघालेली खेड्यातली माणसं, सोलापूरच्या रस्त्यावरून चुकून आत शिरलेला आणि आता मागं घेता येत नाही म्हणून शिव्या खाणारा ट्रक. तात्या हे सगळं बघत दुपार काढायचे, पण एकटे कधीच नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून समोर बसवायचे. रामहरी कधी कुरकुरला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण म्हातारा त्याला बापाच्या जागी होता आणि तात्या गेले त्या दिवशी तो भट्टीमागं तोंड लपवून रडला होता.

काठावर ऊन तापायला लागलं होतं. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं. जुन्या देवळाचं शिखर वर आलेलं. काठच्या गाळाला मेलेल्या मासळीचा वास येत होता. पिंड मांडून झाले, भात-भाजी वाढून झाली, चहाचा कप ठेवला आणि माणसं मागं सरली. कावळे होते. बाभळीवर दाटी करून बसले होते. पण एकही खाली उतरेना.

"आईला नीट सांभाळू," थोरला हात जोडून म्हणाला.

कावळे बसूनच.

"नातीचं लगीन थाटात करू," धाकट्यानं शब्द टाकला. एका कावळ्यानं मान वाकडी केली, तेवढंच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी तात्यांची बायको सारजाबाई मागून म्हणाली, "दर्भाचा नगं. त्येंचं कायतरी ऱ्हायलंय."

रामहरीचा जीव मात्र इंदापुरात होता. त्याची एकुलती एक लेक माधवी पणदऱ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती, हॉटेलावरच्या माडीवर. दिवस भरत आले होते. तिचे पाय सुजलेले, बायको ठमाबाई एकटी, आणि खाली बाजारची गर्दी. उशीर होत चालला तसा तो चुळबुळायला लागला. शेवटी पुढं झाला, चपला काढल्या, हात जोडले.

"तात्या, तुमची जागा मी कुणाला देनार न्हाय. कोपऱ्यातली खुर्ची तुमचीच हाय. येत जावा."

शेवटचे दोन शब्द तो ठरवून बोलला नव्हता. हॉटेल काढल्यापासून उठून निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच म्हणत आला होता. जिभेला वळणच पडलं होतं.

शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच कावळा उतरला. पिंडाला शिवला. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला, आणि बघता बघता बाभळ रिकामी झाली. लोकांचा जीव भांड्यात पडला. "म्हातारा हाटेलात अडकला हुता की!" कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. सारजाबाई हसली नाही. सगळे निघाल्यावर तिनं रामहरीला बाजूला घेतलं.

"जागा दिलीस ते बरं केलंस. पर 'येत जावा' कशाला म्हनालास? हितं वाटंला लावायला येत्यात रं. बोलवायला न्हाय."

"काकू, चुकून आलं तोंडात."

"कावळा शिवला की त्या बोलीवर," म्हातारी म्हणाली आणि पदर सावरत चालायला लागली.

काकस्पर्शाला दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढं रामहरीला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकांनी थट्टा केली, ती ऐकून घेतली. आणि एके दिवशी दुपारी, भजीच्या कढईचा धूर रस्त्यावर जात असताना संभाजीनं सवयीनं आरोळी ठोकली, "कोपऱ्यात एक स्पेशल!"

ठोकली आणि जागीच थिजला.

"मालक..." तो गल्ल्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला. "तात्यांनी हात वर केला. मी बघितला... नेहमीसारखा."

"गप. ऊन लागलंय तुला," रामहरी म्हणाला. पण चहा त्यानं स्वतः नेऊन ठेवला. घटकाभरानं कप उचलायला गेला तेव्हा चहा नव्हता. तळाला काळा, गुळगुळीत गाळ होता.

ठमाबाईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. तात्या आलेत तर येऊ देत, म्हातारा काय वाईट करणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. नंतर खुर्चीखाली पाणी साचायला लागलं. पुढच्या पत्र्यातून गळायला तो काही पावसाळा नव्हता. संभाजी फडकं घेऊन पुसायचा, पिळायचा, पुन्हा पुसायचा. पुढं समोरची खुर्ची ओली सापडली. मग शेजारच्या टेबलाच्या खुर्च्या. कांदा-लसणाच्या फोडणीतूनही पाणी उतरलेल्या काठाचा तो वास यायला लागला, आणि उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावूनही जाईना.

आणि गिऱ्हाईक तुटलं. शेजारच्या भेळवाल्याकडं रांग, समोरच्या रसवंतीचा घुंगरू थांबत नाही, आणि भर पेठेत रामहरीच्या हॉटेलात माश्यासुद्धा नाहीत. गंगाराम नावाचा तहसील कचेरीतला कारकून इतकी वर्षं दुपारच्या सुट्टीत मिसळ खायला न चुकता यायचा. तोही यायचा थांबला. एकदा रामहरीनं त्याला रस्त्यातच गाठलं.

"भाऊसाहेब, रुसला काय आमच्यावर?"

"मी?" गंगाराम हसला. "अहो, रोज येतोय की. दारातनं परत जातोय. बसायला जागा हाय कुठं तुमच्यात?"

रामहरीला वाटलं, टोमणा मारतोय. पण गंगाराम सरळ माणूस.

"खुर्ची न् खुर्ची भरलेली. उभी ऱ्हायलेली मानसं येगळी. लगीन हाय का कुनाचं? सगळी खेड्यातलीच दिसत्यात, जुन्या वळनाची. पागोटीवाले, नऊवारीतल्या बाया..." तो निघता निघता वळला. "एक मात्र इचित्र वाटलं. एवढी गर्दी, पर कुनी बोलत न्हाय."

गंगारामच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातून देव काढले आणि त्यांच्याबरोबर भुतंही. असल्या गोष्टींवर तो कचेरीत मोठ्यानं हसायचा. तो माणूस घाबरवायला म्हणून काही बोलणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच रामहरीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वळून आपल्या हॉटेलाकडं पाहिलं. आत रिकाम्या खुर्च्या होत्या आणि ओणवा होऊन फरशी पुसणारा संभाजी होता. त्याला तरी तेवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी माधवी जिना उतरून खाली आली. डॉक्टरांकडं तपासायला जायचं होतं, ठमाबाई मागून चपला शोधत होती. मधली वाट चांगली रुंद होती. तरी माधवी दोन्ही हात पोटावर धरून, अंग चोरून, आडवी होऊन चालायला लागली.

"सरका की वाईच... न्हाय, न्हाय, बसा, उठू नका," ती रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाली.

रामहरीच्या हातातला पेला खाली पडला.

"कुनाशी बोलतीस?"

"ह्या आजीशी. तुमची पाव्हणी न्हाय का?" माधवीनं सहज सांगितलं. "रोज पोटाला हात लावत्यात. हात लई गार हाय, अण्णा. म्हनत्यात, पोर झालं की पयलं आमच्या हातात द्यायचं. त्यांच्या गावात लई वर्सं तान्हं पोरच न्हाय म्हनं..."

रामहरीनं लेकीला दंडाला धरून जवळजवळ ओढतच रस्त्यावर नेलं. ती चिडली, ठमाबाई ओरडली, पण त्याला ऐकू आलं नाही. इतके दिवस तो धंद्याला भीत होता. आता त्याला कळलं की धंदा गेला असता तरी चाललं असतं.

दोघींना डॉक्टरांकडं धाडून त्याच पावली तो सारजाबाईकडं गेला. म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"त्येंला एकट्याला च्या कवा गोड लागला?" ती म्हणाली. "तू म्हनालास येत जावा. एकलेच या, असं म्हनालास व्हय?"

"पर ही मानसं कोन, काकू?"

"आमच्याच गावची. पानी आलं तवा जित्यांला जमिनी दिल्या, घरं दिली. मेलेली कुठं गेली रं? मसनवटा, समाध्या, सगळं तसंच बुडालं. त्यांला कुनी जागा दिली?" तिनं पळसदेवच्या दिशेला हात केला. "माझी सासू हाय त्यात. तिची तान्ही लेक गेली हुती, तवापास्नं येडी झाली ती. हिरीत उडी घेतली."

रामहरीनं तिचे पाय धरले. "माझी पोर वाचवा. काय करू सांगा."

सारजाबाईनं त्याला उठवून बसवलं. मग म्हणाली, "दिल्याली जागा मोडता येत न्हाय. पर हलवता यील. खुर्ची तितंच नेऊन दे त्येंला. माफी माग. आन् काय बी झालं तरी तोंडातनं 'या' म्हनून शब्द काढू नगं."

सकाळी त्यानं ठमाबाईला बजावलं, माधवीला माडीवरून खाली उतरू द्यायचं नाही. खुर्ची खांद्यावर घेऊन तो भर बाजारातून निघाला. लोक वळून बघत होते. जीपवाल्यानं ती टपावर बांधून दिली. पळसदेवला काठाच्या गाळात गुडघाभर रुतत तो पाण्यात शिरला आणि खुर्ची टेकवली.

"तात्या, माझं चुकलं. तुमची जागा तुमच्या गावात हाय. हितं बसा."

खुर्ची लाकडी, ती तरंगली. वारा काठाकडं येत होता, तरी ती हळूहळू आत, देवळाच्या शिखराच्या दिशेनं निघाली. थोडं पुढं जाऊन थांबली. मग कुणीतरी टेकावं तशी खाली बसली, पाठ तेवढी पाण्यावर राहिली. रामहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यानं ऐकलं होतं. निघताना त्यानं ओठ घट्ट मिटून धरले आणि मागं न बघता रस्त्यावर आला.

परतीच्या एस.टी.त त्याला खिडकीची जागा मिळाली. कितीतरी दिवसांनी डोळा लागेल असं वाटलं. उसाचे फड मागं पळत होते. आणि अर्ध्या वाटेत तो ताठ उठून बसला.

खुर्ची एकच होती. ओल्या खुर्च्या तर हॉटेलभर होत्या. बसायला जागा मिळाली ती तात्यांना. आणि त्या सगळ्या गर्दीत त्याला ओळखणारं, त्याच्या हातचं खाल्लेलं, त्याच्यासाठी चार शब्द बोललं असतं असं माणूस तेवढं एकच होतं. त्यालाच तो दूर बसवून आला होता. बाकीच्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

स्टँडवर संभाजी वाट बघत उभा होता. "मालक, ताईला दवाखान्यात नेलंय. तुमी गेला आन् कळा सुरू झाल्या. पर हाटेल कोरडं हाय आज. एक थेंब न्हाय कुठं," तो आनंदानं म्हणाला.

रामहरी धावत सुटला. दवाखाना बाजाराच्या रस्त्यावरच होता, वरच्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी ठमाबाई हातात गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिचं तोंड हसरं होतं.

"नात झाली. दोघी सुखरूप हायत. मी पानी आनाय खाली आल्ते."

त्या एका क्षणात त्याला सगळ्या जगाच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात वरून मेघना नावाची नर्स तरातरा खाली आली. ती वैतागली होती.

"काका, तुमची माणसं आधी बाहेर काढा. बाळंतिणीच्या खोलीत एवढी गर्दी करतात का? सांगून ऐकत नाहीत, नुसतं बघत राहतात. आणि पाय तरी पुसून यावं माणसानं. सगळी फरशी चिखलानं भरली."

"कोन मानसं? आमी दोघंच हाय," ठमाबाई म्हणाली.

रामहरी जिना चढून आत शिरला. खोलीत खाटेवर माधवी होती, बाकी कुणी नाही. फरशी ओली होती. तो वास होता. खाटेशेजारच्या पाळण्यात दुपट्याची नुसती घडी मोडून पडली होती.

"पोर कुठाय?"

माधवी पांढरीफटक पडली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. ती रामहरीकडं बघतच नव्हती. तिची नजर खोलीभर फिरत होती, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर.

"त्यांच्या हातात हाय की. खाली ठिवतच न्हाईत... बघा कसं कौतिक चाललंय..."

आणि तेव्हा ते रडणं त्याला ऐकू आलं. कोवळं, नुकतं फुटलेलं. खिडकीपाशी होतं, तिथून भिंतीकडं गेलं, मग खाटेच्या पायथ्याशी. तो हात पुढं करून त्याच्यामागं धावला. बोटांना गार, ओला वारा लागला, दुसरं काही नाही.

"द्या... माझी नात हाय ती. पाया पडतो, द्या..." आणि मग गळा फाटेपर्यंत, "तात्या! ओ तात्या! सांगा की ह्यांना..."

पण तात्या आपल्या जागेवर बसले होते, दूर पाण्यात. त्यानंच बसवलं होतं.

रडणं त्याच्या खांद्याला घासून दाराबाहेर गेलं. जिन्यात ठमाबाई तांब्या घेऊन वर येत होती, तिला काही दिसलं नाही. तिच्यामागून येणारी मेघना मात्र भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकामागून एक माणसं खाली जाईपर्यंत थांबावं तशी बराच वेळ तिथंच थांबली.

रामहरी रस्त्यावर आला. बाजार ऐन भरात होता. हातगाड्या, सायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, मिरच्यांचे ढीग, लाउडस्पीकरवर ओरडणारा कपडेवाला. आणि त्या गर्दीतून एक वाट उघडत चालली होती. माणसं बोलता बोलता बाजूला होत होती. सायकलवाला उतरून उभा राहिला. गाडीवाल्यानं केळीची गाडी मागं घेतली. मोठ्या वरातीला द्यावी तशी वाट, आणि वाटेत कुणी नाही. फक्त ते रडणं, पुढं पुढं, पळसदेवच्या दिशेला. रामहरी धडपडत त्याच्यामागं पळत होता.

पेठेच्या टोकाला रडणं थांबलं. पोर आईच्या कुशीत गेलं की थांबतं तसं, हुंदका देऊन. लोकांनी केलेली वाट मिटली, भाव करणं पुन्हा सुरू झालं. रामहरी मधोमध उभा राहिला आणि कुठं बघावं ते त्याला कळेना.

ओट्यावर बांगड्या विकायला बसलेल्या फुलाबाईनं त्याला हाक मारली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"रामहरी, नात झाली का रं? तुझ्या पाव्हणीनं दावली मला आत्ता. लई गोड हाय बघ." मग तिनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या आणि कपाळाला आठी घातली. "पर एवढ्याशा जिवाला असं भिजवलं का रं तिनं? केसातनं नुसतं पानी गळत हुतं."